सात वायरींचं निर्माल्य

अष्टमीच्या दिवशी हवा मोठी गुणाची होती. ऑक्टोबर अर्ध्यावर आला होता. पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटे, आणि दहा वाजले की तीच चादर डोक्यावर धरून सावली करावीशी. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. यमुनेकडून वारा सुटला की नोएडातल्या नव्या नव्या बांधकामांची धूळ उठे, जरा घुटमळे आणि दमून खाली बसे. अशा हवेत शहाण्या माणसाने अंगणात खाट टाकून शेंगा सोलाव्यात. खंडेरावांनी जीपचा डॅशबोर्ड बदलायचं ठरवलं.

खंडेराव बत्तीस वर्षं एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. शाळेची पायरी चढले नाहीत, पण घाटांतून आणि वाळूतून साहेबांना सुखरूप नेलं आणि आणलं. घाई अशी कधी केली नाही. (त्यांच्या लग्नात मुहूर्तसुद्धा त्यांच्यासाठी चार मिनिटं थांबला होता, असं त्यांची बायको द्वारकाबाई अजून सांगतात.) रिटायर झाल्यावर दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं, नोएडात तळमजल्याचा फ्लॅट झाला. पुढे खात्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा अठरा वर्षं चालवलेली जीप खंडेराव घरी घेऊन आले. सेक्टरात तोवर घरोघरी चकचकीत छोट्या मोटारी आल्या होत्या. त्यांच्या रांगेत ही जीप म्हणजे बारशाला आलेला पैलवान.

दसऱ्याला त्यांच्या मुलीला, उत्तराला, बघायला भुसावळहून माणसं यायची होती. उत्तरा सव्वीस वर्षांची, एका नव्या खाजगी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. आधी तीन ठिकाणी होता होता राहिलं होतं. हे स्थळ मात्र सगळ्यांच्या मनात भरलं होतं. उत्तराच्याही. (तिच्याकडे मुलाचा फोटो परत मागितला, तर दोन दिवस तो सापडत नव्हता, यावरून द्वारकाबाईंनी ओळखलं.)

"अहो, स्टेशनवरून त्यांना टॅक्सीने आणा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाहुण्यांना आणलं. आपल्या पाहुण्यांना एकदा आणू दे की."

"त्या फाटक्या जीपमधून?"

हे मात्र खरं होतं. जीपचा डॅशबोर्ड मधोमध तडकला होता, आतला स्पंज बाहेर आला होता, आणि समोरच्या खणाचं झाकण सुतळीने बांधलेलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील पुढे बसणार. त्यांच्या गुडघ्यांसमोर हे असं. खंडेरावांना ते बघवेना.

म्हणून अष्टमीला सकाळी त्यांनी जुना डॅशबोर्ड खोलला. मागून सात वायरी निघाल्या. अठरा वर्षांत सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या, काळपट.

"बाबा, चिठ्ठ्या लावू?" उत्तरा म्हणाली. "मी नंबर लिहून देते."

"तुझे नंबर तुला कळतील. मला माझी खूण बरी."

खंडेराव देवघरात गेले आणि हाताला लागलं ते घेऊन आले. हॉर्नच्या वायरीला लाल नाडा बांधला. ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला हळदीचा दोरा. वायपरला कापसाचं वस्त्र, पुढच्या दिव्याला झेंडूचं फूल, डावीकडे वळायच्या दिव्याला दूर्वा, उजवीकडे वळायच्या दिव्याला तुळशीची काडी, आणि डिझेलच्या काट्याला नारळाची शेंडी. एकदा तोंडाने म्हणून बघितलं. नाडा हॉर्न, हळद ब्रेक. पाठ झालं. मग जुना डॅशबोर्ड काखेत मारून बसने मायापुरीच्या भंगार बाजारात गेले, दिवसभर हिंडून त्याच मापाचा, काळाभोर, एकही ओरखडा नसलेला डॅशबोर्ड घेऊन संध्याकाळी परत आले.

"उद्या सकाळी दोन तासांचं काम," ते म्हणाले.

आणि निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी खंडेराव दूध आणायला गेले. बूथवर रांग होती. रांगेत ते कोणाला ढकलत नाहीत, त्यामुळे तास गेला. परत येऊन बघतात तर पाने, पक्कड, डिसमिस, हातोडी, सगळं चिंचेने घासून पाटावर मांडलेलं. त्यावर हळदकुंकू, अक्षता, फुलं. पाटापुढे द्वारकाबाई हात जोडून.

खंडेराव जागीच उभे राहिले. आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा. एकदा हत्यारं देवापुढे मांडली, की दसऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत उचलायची नाहीत. त्यांच्या वडिलांनी कधी उचलली नाहीत, त्यांनी कधी उचलली नाहीत. आणि दसऱ्याच्या सकाळी पावणेअकराला गाडी नवी दिल्ली स्टेशनात येणार!

"अगं, एक डिसमिस तरी बाहेर ठेवायचीस!"

"आणि उत्तराच्या लग्नाआधी देवाला रागवू द्यायचं? तुम्ही कालच का नाही संपवलंत?" मग जरा मवाळ होऊन त्या म्हणाल्या, "तुमची जीपसुद्धा स्वच्छ केलीय हो. किती ते जुनं निर्माल्य आत! वायरींत फूल काय, दूर्वा काय. कधीच्या पूजेचं होतं कोण जाणे. सगळं काढलं."

दाराआड विसर्जनाची पिशवी टांगलेली होती. ती खंडेरावांनी वर्तमानपत्रावर रिकामी केली. लाल नाडा होता. हळदीचा दोरा होता. दूर्वा, तुळस, शेंडी, झेंडू, वस्त्र. एकही खूण हरवली नव्हती. फक्त वायर कुठलीच सोबत नव्हती.

"काय शोधताय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हॉर्न," खंडेराव म्हणाले.

खरी गोष्ट कळल्यावर द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला आणि खाली बसल्या. "मग आता टॅक्सीच करा!" पण वरच्या मजल्यावरचे पद्माकरराव (मंत्रालयातले मोठे क्लार्क, बाल्कनीत बसून साऱ्या सेक्टरावर नजर ठेवणारे) तेवढ्यात ओरडले, "खंडेराव, बिल्कुल टेन्शन घेऊ नका! जमत नसेल तर माझी मारुती घेऊन जा!"

हे ऐकल्यावर टॅक्सीही गेली आणि मारुतीही. आता जीपच.

स्वयंपाकघरातली हत्यारं पूजेत नव्हती. सांडशीची पक्कड झाली. उलथन्याच्या कडेने स्क्रू बसले. वायरींची टोकं खंडेरावांनी हातानेच पिळली, आणि कुठली कुठे ते अंदाजाने जोडलं. अंदाज अठरा वर्षांचा होता, पण तो सगळा डॅशबोर्डच्या पुढून घेतलेला होता, मागून नव्हे. संध्याकाळी त्यांनी इंजिन सुरू केलं. सुरू झालं. दिवे लागले. हॉर्नचं बटण दाबलं, हॉर्न वाजला नाही. (मागचा लाल दिवा लागला होता, पण मागे बघायला कोणी नव्हतं.)

"हॉर्न नाही तर नाही," ते स्वतःशी म्हणाले. "पाहुण्यांना शांतताच बरी."

दसऱ्याला सकाळी द्वारकाबाईंनी जीपला झेंडूचा हार घातला आणि हौसेने काचेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. नऊ वाजता खंडेराव निघाले. सेक्टराच्या फाटकाशी म्हैस आडवी आली, त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि जीप अशी ओरडली की म्हैस पळाली, चौकीदार उठून उभा राहिला आणि खंडेराव सीटवरून वीतभर उडाले. पाय उचलला, ओरडणं थांबलं. पुन्हा ठेवला, पुन्हा ओरडली.

परत फिरायला वेळ नव्हता. त्यांनी मनाशी ठरवलं, ब्रेक लावायचाच नाही. पण दसऱ्याच्या दिवशी दिल्लीत ब्रेक न लावता कोण गेलंय? यमुनेच्या पुलावर पुढे एक ट्रक होता, त्यात रावणाची दहा डोकी आडवी घातलेली. ट्रक थांबला की खंडेराव थांबत, आणि खंडेराव थांबले की जीप बोंब मारी. रावणाचा कान धरून बसलेला माणूस हात जोडून म्हणाला, "चाचा, अभी मत चिल्लाओ, जलाना तो शाम को है!"

चौकात हवालदाराने काठी आडवी केली. "ताऊ, हॉर्न क्यों दबा रखा है?"

"हॉर्न नहीं दबाया साहब. ब्रेक दबाया."

"तो ब्रेक छोड़!"

खंडेरावांनी आज्ञा पाळली. हवालदार उडी मारून बाजूला झाला.

स्टेशनवर पाहुणे उभेच होते. नवऱ्या मुलाचे वडील शशिकांतराव, उंच, कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे. आई मीनाक्षीबाई. आणि मुलगा सुधन्वा, जो सगळ्यांच्या बॅगा स्वतःच उचलत होता. शशिकांतराव पुढे बसले. त्यांनी डॅशबोर्डवरून बोट फिरवलं.

"नवा दिसतोय."

"कालच बसवला," खंडेराव म्हणाले, आणि एवढ्या एका क्षणापुरतं सगळ्या कष्टांचं चीज झालं.

परतीचा रस्ता खंडेराव जन्मात विसरले नाहीत. सायकली पुढे जात होत्या, हातगाड्या पुढे जात होत्या, पण ते ब्रेकला हात (म्हणजे पाय) लावत नव्हते. सिग्नल लाल झाला की शंभर पावलं आधीपासून गाडी नुसती रांगत नेत. तरी शेवटी ब्रेक दाबावाच लागे. पहिल्यांदा जीप ओरडली तेव्हा मीनाक्षीबाईंनी सुधन्वाचा दंड धरला. पाचव्यांदा ओरडली तेव्हा शशिकांतराव समोर बघत म्हणाले, "दिल्लीत हॉर्न फार वाजवतात असं ऐकलं होतं."

"हो," खंडेराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग डावं वळण आलं. डावा दिवा लावला, आणि वायपर फिरला. एकच फेरी, पण त्याने ओलं स्वस्तिक काचभर सारवलं. सगळी दिल्ली लालेलाल दिसू लागली. खंडेराव खिडकीतून मान बाहेर काढून चालवू लागले. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. बत्तीस वर्षांत ही पाळी आली नव्हती. कोणी साहेब असता तर त्यांनी सरळ सांगितलं असतं, साहेब, चुकलं. पण इथे उत्तराचं लग्न बसलेलं होतं, पुढच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून.

दारात पोचले. द्वारकाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. खंडेरावांनी शेवटचा ब्रेक दाबला, गाडी थांबली, पाय उचलला.

हॉर्न थांबेना.

इंजिन बंद केलं, तरी थांबेना. किल्ली काढून खिशात घातली, तरी थांबेना. सेक्टरातल्या सगळ्या बाल्कन्या भरल्या. पाहुणे खाली उतरून कानांवर हात ठेवून उभे. ताटातलं निरांजन थरथरत होतं. बॅटरी काढावी तर पाना लागणार, आणि पाने देवापुढे, नैवेद्य अजून व्हायचा.

"पाने आणा हो! मी देवाला सांगते!" द्वारकाबाई ओरडल्या, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

तेवढ्यात आतून उत्तरा आली. पैठणी, केसांत गजरा, बघण्याच्या कार्यक्रमाची सगळी तयारी. पाहुण्यांकडे न बघता ती जीपपाशी गेली, पदर कमरेला खोचला, हात डॅशबोर्डच्या मागे खांद्यापर्यंत घातला, चाचपलं आणि ओढलं.

शांतता झाली. कोणाच्या तरी घरातला प्रेशर कुकर ऐकू आला.

उत्तराच्या हातात वायर होती, कोपरापर्यंत काळं वंगण, आणि पैठणीच्या काठाला एक ठसा. आता तिला कळलं की सगळे बघताहेत. द्वारकाबाईंनी डोळे मिटले. खंडेरावांना वाटलं, चौथंही गेलं, आणि या वेळी माझ्या हाताने.

शशिकांतराव जवळ आले, डॅशबोर्डच्या मागे डोकावले. "कोणती वायर ही?"

"हॉर्नची. बाबांनी ब्रेकच्या जागी जोडली होती."

"सात एकसारख्या वायरी. तुला कशी कळली?"

"इतका वेळ ओरडत होती ना," उत्तरा म्हणाली. "तीच तापलेली. हाताला चटका बसला."

शशिकांतरावांनी वायरीला बोट लावून बघितलं. बोलल्या त्या मीनाक्षीबाई, सबंध सकाळभरात पहिल्यांदा. "आमच्याकडे फ्यूज उडाला की हे दोघे बापलेक अंधारात बसून शेजाऱ्याची वाट बघतात." सुधन्वा लाजून हसला आणि खिशातला रुमाल त्याने उत्तरापुढे धरला. तिने तो घेतला. हात पुसून झाला तरी परत दिला नाही.

नैवेद्य झाला, जेवणं झाली. भुसावळहून आणलेली खरी आपट्याची पानं शशिकांतरावांनी पिशवीतून काढली. (दिल्लीत सगळे कचनारच्या, म्हणजे कांचनाच्या, पानांवर भागवतात.) रीतीप्रमाणे ती आधी देवाला, मग वडीलमाणसांना द्यायची. त्यांनी देवाला दिली आणि दुसरं पान उत्तराच्या हातावर ठेवलं. "आमच्या घरचं सोनं," एवढंच म्हणाले. द्वारकाबाईंना पदर पुरेना.

संध्याकाळी खंडेराव अंगणात खाट टाकून बसले. छाती चांगली रुंद झाली होती. पद्माकरराव सोनं द्यायला खाली आले, तेव्हा खंडेरावांनी सगळं सावकाश, सुरुवातीपासून सांगितलं. डॅशबोर्ड बदलला म्हणून लग्न जमलं, असाच त्या सांगण्याचा एकंदर सूर होता. पद्माकररावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जीपकडे एकदा बघितलं, आणि काळजीने म्हणाले,

"ते सगळं अच्छा झालं, खंडेराव. पण मुलगी भुसावळला गेल्यावर हा हॉर्न बंद कोण करणार? आत्ताच काय ते सांगून ठेवा, म्हणजे आम्ही दुसऱ्या सेक्टरात घर बघायला लागतो."