पाईकराव सरांचा गुर्दा

आमच्या कुरुंद्यात मटणाच्या दुकानातून गुर्दा विकत घेणारा आणि तो कधीच न शिजवणारा एकच माणूस आहे, पाईकराव सर. आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत, पण शाळेत असताना ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. उत्सर्जनाचा धडा आला की सर सकाळीच स्टीलच्या डब्यात बकऱ्याचा ताजा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, घेऊन हजर. दुकानदारही त्या दिवसांत 'सरांचा माल' म्हणून एक बाजूला काढून ठेवायचा. एकदा डब्यांची अदलाबदल झाली आणि गळ्यात माळ असलेल्या मुख्याध्यापकांनी भाजी-भाकरीच्या आशेनं तो डबा उघडला. ते तडक रजा टाकून घरी गेले. सर हळहळले, पण ते गुर्द्यासाठी, कारण त्या गडबडीत तो मांजरानं पळवला होता.

शिकवणं मात्र असं, की शेजारच्या वर्गात मी कविता थांबवून ऐकत बसायचो. "घर साफ करताना माय काय करती? आदी सगळं सामान अंगणात काढती. मग कामाचं तेवढं आत घेती, उरलं ते उकिरड्यावर. बराबर?" पोरं एका सुरात म्हणायची, बराबर. मूत्रपिंडही तेच करतं, सर सांगायचे. रक्तातलं पाणी, साखर, मीठ, घाण सगळं आधी बारीक गाळण्यांतून बाहेर काढायचं, मग साखर पुरती परत घ्यायची, पाणी बहुतेक सगळं, मीठ लागेल तेवढं. राहिलेलं लघवीवाटे जातं. रक्तातल्या पेशी तेवढ्या आतच राहतात, कारण लोखंडी कपाट कोणी अंगणात काढत नसतं.

शाळा सुटली तरी धडा सुटायचा नाही. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पाठीत बोट रुतवून ते मूत्रपिंडाची जागा दाखवायचे. बरगड्यांच्या खाली, मागच्या अंगाला, आणि उजवं जरा खाली, "काहून तं वर लिव्हर बसलेलं हाय." हळद शिजवायच्या दिवसांत तर ते शेताशेतांतून फिरत. भट्टीच्या धगीत राबणाऱ्यांना पाणी पाजत आणि मूत्रपिंड थकलं की पाय सुजतात म्हणून एकेकाची नडगी दाबून सूज बघत. लोक हसायचे, पण पाय पुढं करायचे. शिरड शहापूरच्या एका शेतकऱ्याला त्यांनीच वेळेवर दवाखान्यात धाडलं. तो माणूस आजही सरांना वाटेत दिसला की मोटारसायकलवरून खाली उतरतो.

आणि असल्या माणसाला स्वतःच्या बायकोच्या पायांवरची सूज दिसली नाही. सुनंदावहिनी चुलीपुढं बसून बसून पाय जड झाले म्हणायच्या आणि लुगड्याचा काठ खाली ओढायच्या. कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं आकसली होती. मग नांदेडच्या वाऱ्या सुरू झाल्या, डायलिसिससाठी.

आपलं एक मूत्रपिंड द्यायचं, हे सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. तपासण्या झाल्या. रक्तदाब चांगला, साखर चांगली. दहावीचा निकाल दाखवावा तसे ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "लग्नात आमी पत्रिका पाह्यली न्हाई," म्हणाले, "पर रक्तगट बराबर जुळला."

पण वहिनी नाही म्हणाल्या. त्यात सरांची थोरली बहीण, अक्का, पुसेगावाहून मुद्दाम आली आणि म्हणाली की बायकोनं नवऱ्याला किडनी द्यावी, उलटं आपल्यात कधी झालं न्हाई. सरांनी तिलाही पाठीत बोट रुतवून धडा दिला. ती अर्ध्यातच उठून एस.टी.ला गेली. डॉक्टर मात्र प्रत्येक खेपेला बजावत होते, बाईंचं शरीर थकत चाललंय, काय ते लवकर ठरवा.

गेल्या रविवारी दुपारी सरांनी मला बोलावलं. ओसरीवर ताटलीत गुर्दा उभा चिरून ठेवला होता. समोर वहिनी, शेजारी मी. सरांनी सुरीच्या टोकानं बाहेरचा भाग दाखवला, आतला दाखवला, मूत्र उतरायची नळी दाखवली. एक काढलं की दुसरं थोडं मोठं होतं आणि दोघांचं काम अंगावर घेतं, हेही नीट समजावलं. वहिनी हुशार विद्यार्थिनीसारख्या मधूनमधून प्रश्न विचारत होत्या.

"म्हंजी एकावर माणूस जगतंय?"

"चांगलं जगतंय."

"पटलं मला. पर मी घेणार न्हाई. तुमाला काही झालं तं मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

मला वाटलं, आता धडा पहिल्यापासून सुरू. पण सरांनी सुरी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला नांदेडला ॲडमिट केलं व्हतं, तवा अक्का तिथं राहिली आन् मी गावी आलो. घरात मी गेलोच न्हाई. शाळेच्या पायरीवर बसून राह्यलो. तू आत नसलीस की मला कुलूप उघडवत न्हाई, सुनंदा."

इतक्या वर्षांची सोबत, पण हे मला ठाऊक नव्हतं. वहिनींनाही नसावं. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या दिवसांत जेवलात कुठं? सरांनी जेवलो नाही अशी मान हलवली.

वहिनींनी पदर सावरला. "अक्काला फोन लावा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, मी किडनी घेऊन राहिले."

सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांना आकडे दिसत नव्हते.