माईकरावांच्या फुटबॉल स्वारीची हकीकत

किल्ले सर करणारांच्या हकीकती बहुतांनी लिहिल्या. परंतु सभागृहातून निलंबित जाहलेल्या एका नगरसेवकाने मुलींच्या हायस्कुलाची फुटबॉल फौज दिमतीस घेऊन टेकडीवरल्या शाळेशी मुकाबला कैसा केला, हे कोणी लिहून ठेविले नाही, आणि न लिहावे तर मागाहून कोणास खरे वाटणार नाही. म्हणोन पाहणारांस पुसोन, जेथे त्यांचे आपसांत जमेना तेथे पदरचे घालोन, हे लिहिले असे. वाचणारांनी बसून वाचावे, प्रसंग उभ्याने वाचण्याजोगा नव्हे.

प्रभाग नऊचे नगरसेवक, उद्घाटन-धुरंधर, फलक-मंडित, अखंड-भाषण-प्रतापी, यांस लोक माईकराव म्हणत. कारण ऐसे की, भर सभेत अध्यक्षांनी ‘आपली वेळ संपली’ ऐसा हुकूम दिला असता रावांनी मेजावरील माईक मुळासकट उपटून बगलेत मारिला आणि बोलत बोलत जिना उतरले, बोलत बोलत रस्ता ओलांडला आणि थेट घर गाठिले. मग वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि सभागृहाने तीन महिन्यांचे निलंबन फर्माविले. राव घरी बसले, परंतु जिभेस निलंबन नव्हते. सकाळी दूधवाल्यास गटारांची सद्यःस्थिती सांगावी, दुपारी फ्रिजच्या दारास विकासाची दिशा समजावावी, ऐसे आठ दिवस चालले आणि नववे दिवशी वहिनीसाहेबांचा हुकूम सुटला: “अहो, फ्रिज गार करायचा थांबलाय आता. कुठंही जा, पण घराबाहेर जा.”

त्याच सुमारास हायस्कुलात मोठा पेच पडला होता. मुलींचा फुटबॉल संघ ओळीने एकोणीस सामने हरला होता, क्रीडाशिक्षिका गुडघा जायबंदी होऊन रजेवर गेल्या होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी लेखी फर्मान काढिले होते की, पुढील सामना टेकडीवरल्या शाळेशी, तो हरल्यास संघ बरखास्त करावा आणि मैदान स्कूलबसच्या हवाली करावे. या संघाची गोलरक्षक म्हणजे रावांची एकुलती एक कन्या. मुलगी अभ्यासात मधली, बोलण्यात कमी, बापाच्या माईकापायी वर्गात खाली मान घालून बसणारी. परंतु हातमोजे चढवून गोलात उभी राहिली की तिची मान ताठ होई. संघ गेला तर तिजपाशी आपले म्हणावे ऐसे काही उरणार नव्हते, आणि हे तिच्या आईस ठाऊक होते, रावांस नव्हते.

रावांस फक्त जागा रिकामी असल्याचे कळले. रिकामी जागा दिसताच अर्ज करावा हा त्यांचा स्वभाव. म्हणोन ते शाळेत गेले, बाईंपुढे पाऊण तास बोलले, आणि बाईंनी तास बुडतो म्हणोन होकार दिला. कन्येने बातमी ऐकिली आणि एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्हाला फुटबॉल येतो का?” तेव्हा राव म्हणाले, “नेतृत्व येतं ना, मग झालं.” 

पहिले दिवशी रावांनी दोन्ही खांबांच्या मधोमध रिबीन बांधविली आणि कापिली. दुसरे दिवशी पदवाटप केले. कर्णधार तर होतीच, वर दोन उपकर्णधार, एक कार्याध्यक्ष, एक सरचिटणीस, एक प्रवक्ती, तीन निमंत्रक ऐशा नेमणुका जाहल्या, आणि गोलरक्षकाने पद नाकारल्यावर डावी बचावपटू तेवढी उरली, तिजला विरोधी पक्षनेती केले. ती बिचारी नेमस्त होती, परंतु पद मिळताच तिने पहिल्याच सरावात सभात्याग केला आणि तिजला पाण्याच्या टाकीपासून समजूत घालोन आणावे लागले.

मग डावपेचांची तालीम सुरू जाहली. रावांचे म्हणणे ऐसे की, संघ हरतो तो एकमत नाही म्हणोन. तेव्हा चेंडू पुढे द्यावयाचा तर एकीने सुचवावे आणि दुसरीने अनुमोदन द्यावे, आणि मोठा निर्णय असल्यास रावांनी रेषेबाहेरून हात वर करून “बाजूने कोण?” ऐसे गर्जावे, की सर्वांनी तत्क्षणी हात वर करावे. ही कवायत सकाळी शंभर वेळा, सायंकाळी शंभर वेळा, ऐसे बारा दिवस चालली. अखेर मुलींचे अंगी ती इतकी मुरली की भूगोलाच्या तासास बाहेरून रावांचा आवाज आला तरी दहा हात आपसूक वर जात आणि भूगोलाच्या बाई चकित होत की आज इतक्या जणींस उत्तर येते.

सामन्याचा दिवस उजाडला. टेकडीवरल्या फौजेने निळे पोशाख करोन चाल केली, आणि आमच्याकडील कार्याध्यक्ष व सरचिटणीस यांत चेंडू कोणी न्यावा याची चर्चा चालली असता निळ्या मुली पाच वेळा गोलापर्यंत येऊन ठेपल्या. पाचही वेळा कन्येने चेंडू अडविला, कधी छातीवर, कधी पायाने, एकदा चिखलात लोळून. राव त्या वेळी पाठमोरे उभे राहून जमलेल्या पालकांस संघाच्या पुढील पाच वर्षांचा आराखडा सांगत होते. मध्यंतर जाहले, शून्यास शून्य. उत्तरार्धही तैसाच गेला आणि सहा मिनिटे उरली. बरोबरी म्हणजे हार नव्हे, हे फर्मानात स्पष्ट होते, म्हणोन सहा मिनिटे तग धरिली की संघ वाचत होता.

इतक्यात निळ्यांच्या म्होरकीने उजवीकडून चेंडू हाणला. रावांनी नेमके तेव्हाच वळून पाहिले, चेंडू गोलाकडे जातो हे दिसले, आणि मनुष्य घाबरला म्हणजे सवयीवर जातो, तैसे त्यांनी हात उंच करून आरोळी ठोकिली, “बाजूने कोण?” आणि आजवर ज्या मुली एका गोष्टीवर एकमत जाहल्या नव्हत्या त्या दहाच्या दहा जणींचे हात गोलासमोर वर गेले, आणि चेंडू विरोधी पक्षनेतीच्या तळहातावर येऊन आदळला. ठराव एकमताने मंजूर जाहला. पंचाने शिटी फुंकली आणि पेनल्टी फर्माविली.

मग राव “हरकतीचा मुद्दा!” म्हणोन मैदानात घुसले आणि पंचाच्या गळ्यातील शिटीकडे त्यांचा हात जाऊ लागला. पंच जुना जाणता माणूस, त्याने पिवळे कार्ड दाखवून म्हटले, “साहेब, आणखी एक पाऊल टाकलंत तर सामना इथंच बंद, आणि हार तुमच्या शाळेची.” रावांचे पाऊल उचललेलेच होते. तोच कन्या गोल सोडून पुढे आली, अंगभर चिखल, आणि सर्वांदेखत म्हणाली,

“बाबा, तुम्ही बसा. चार वर्षं खेळतेय मी. एकदा तरी बघा.”

प्रशिक्षक होण्यापूर्वी चार वर्षांत राव या मैदानावर सात वेळा आले होते, दर वेळी श्रीफळ वाढवून पुढील कार्यक्रमास गेले होते, आणि चेंडू हलला तेव्हा तेथे कधी नव्हते. हे आता त्यांचे ध्यानी आले आणि त्यांस फार वाईट वाटले. मग अखंड-भाषण-प्रतापी मागे फिरले, बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबिले आणि ओठ मिटले. वहिनीसाहेब शेजारी होत्या, त्या सांगतात की एकोणीस वर्षांच्या संसारात ऐसे प्रथमच घडले, आणि त्यांस वाटले की डॉक्टर बोलवावा.

म्होरकी धावत आली, चेंडू डावीकडे मारिला, आणि कन्या डावीकडेच झेपावली आणि चेंडू तिच्या मनगटास लागून खांबावर आपटला आणि बाहेर गेला. सहा मिनिटे सरली. एकोणीस पराभवांनंतर पहिल्याने हार टळली, मुलींनी जल्लोष केला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी जागच्या जागी फर्मान फाडिले. रावांचे डोळे भरून आले होते, परंतु ते बोलले नाहीत.

राहता राहिला सामन्याचा अहवाल, तो प्रशिक्षकाने आपले हाते लिहून पंचास द्यावा ऐसा नियम. रावांनी गोल किती, शून्य. पेनल्टी किती, एक. आणि अडविली कोणी, येथे ‘माझ्या मुलीने’ ऐसे लिहिले. पंच म्हणाला, “साहेब, इथं खेळाडूचा क्रमांक लिहायचा असतो.” रावांस तो ठाऊक नव्हता. प्रभागातील साडेनऊ हजार मतदारांचे यादीक्रमांक पाठ असलेला हा पुरुष लेखणी हाती घेऊन उभा राहिला आणि मग हळूच लेकीस पुसता जाहला, “तुझा नंबर काय गं?”

 कन्येने नुसती पाठ फिरविली. रावांस वाटले रुसली, आणि ते तैसेच पाहत राहिले, तो ती पाठ फिरवून हलेना, जागच्या जागी स्थिर उभी. मग तिने चिखलाने माखलेला सदरा दोन्ही हातांनी खाली ताणून धरिला, म्हणजे बापास वाचता यावे. रावांनी वाकून वाचले, आधीचे खोडले, आणि कागदावर स्वहस्ते लिहिले: बावीस. येणेप्रमाणे शून्यास शून्य ऐसी फत्ते दफ्तरी दाखल जाहली.