बाथरूममधून दिलेली मुलाखत

या वेळी मी तोंड उघडणार नाही, असं अगदी पक्कं ठरवलं होतं!

मागच्या वेळी तोंडानेच घात केला होता. मला अकरा वर्षांचा संधिवात. बोटं पाहाल तर आल्याचा गड्डा! अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला, तर कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "बटणं लावता येतात? नळ उघडता येतो?" मी आपली प्रत्येकाला "येतं की!" मागे रांगेत एवढी माणसं, त्यांच्यासमोर कोण म्हणणार की मला नळ उघडत नाही? अर्ज नामंजूर! आता भत्ता नाही तर महिन्याचं इंजेक्शन नाही, आणि इंजेक्शन नाही तर मला सकाळी उठवायला क्रेनच मागवावी लागते.

फेरअर्ज केला. या वेळी तपासनीस बाई घरी येणार होत्या.

"तू फक्त 'नाही' म्हणायचं," आमच्या ह्यांनी बजावलं. "कौतुकं सांगत बसू नकोस."

कौतुक खरं तर ह्यांचंच होतं. सायकली दुरुस्त करणारा माणूस! घरभर माझ्यासाठी कारागिरी. चमच्यांना सायकलच्या मुठी, कपाटांना ट्यूबचे फास, बटणं लावायला स्पोकचा आकडा, बाथरूमच्या दाराच्या गोल मुठीला ब्रेकचा दांडा.

त्या सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. एवढं सगळं दिसलं तर बाई म्हणतील, हिचं तर झकास चाललंय! मला चकार शब्द न सांगता ह्यांनी एकेक वस्तू काढून पोत्यात भरली आणि पोतं घेऊन दुकानात पसार!

मी केस सारखे करायला बाथरूममध्ये गेले. दार लागलं. सवयीने हात दांड्याकडे गेला, तर दांडा गायब! नुसती गोल मूठ. मघाशी हे पोत्यात काय लपवत होते आणि का, ते तेव्हा उमगलं! ती माझ्या बोटांनी फिरेल तर शपथ!

"अहो! अहोऽऽ!"

उत्तर आलं ते बाईमाणसाच्या आवाजात. "मी तपासणीसाठी आलेय. पुढचं दार उघडंच होतं. तुम्ही कुठे आहात?"

"आत अडकलेय! पण आधी गॅस बंद करा, चहा उतू जाईल!"

बाईंनी गॅस बंद केला, बाहेरून मूठ फिरवली, आणि मूठ त्यांच्या हातात आली! दांड्याबरोबर ह्यांनी मुठीचा स्क्रूही पोत्यात टाकला होता.

"मिस्टरांचा नंबर सांगा."

सांगितला. फोन वाजला आमच्याच स्वयंपाकघरात, डब्यांमागे.

"मला बाराला दुसरीकडे पोचायचंय," बाई म्हणाल्या. स्टूल ओढल्याचा आवाज आला. "असंच विचारते. दार उघडता येतं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"'नाही' लिहिते. बटणं लावता येतात?"

"येतात की!" जीभ चावली. "म्हणजे, आकड्याने."

"कुठाय आकडा?"

"पोत्यात."

"कसल्या पोत्यात?"

झालं! दोन मिनिटांत मी पोतं, मुठी, फास, ब्रेक सगळं ओकून मोकळी झाले. ह्यांनी ते का लपवलं, तेसुद्धा! गेलं इंजेक्शन, म्हणून मी पालथ्या बादलीवर बसले.

मग बाहेरून हसू ऐकू आलं.

"अहो ताई, फॉर्मात लिहिलंय 'साधनाशिवाय काय जमतं'. गेल्या वेळी हे का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं जमतं का, मी म्हटलं जमतं!"

तासाभराने हे आले. पुढच्या दारातूनच कुजबुजले, "गेली का गं ती?"

"ती इथे बसलीये," बाई म्हणाल्या. "आधी स्क्रू आणा. आणि येताना ते पोतंही घेऊन या."

पोत्यातली एकेक वस्तू बाईंनी निरखली. जाताना स्वतःच्या आईसाठी एक आकडा मागून नेला.

महिन्याने पत्र आलं. पाकीट मी स्पोकच्या आकड्याने फोडलं. मंजूर! मला रडूच आलं. ह्यांनी खाली बोट दाखवलं. तिथे शेरा होता : "बोलण्यात अडचण : नाही. बंद दाराआडूनही नाही."

पत्र ह्यांनी दुकानात भिंतीला लावलंय. 'मंजूर'वर हवेच्या पंपाची जाहिरात आलीये. शेरा तेवढा गिऱ्हाइकांना स्पष्ट दिसतो!