चीफकाकांची फ्रेंच विजार

बायकांच्या पॅन्टचं चित्र व्हर्नियर लावून मोजणारा माणूस उभ्या आशिया खंडात एकच आहे, आणि तो इथं परदेशात, बेडोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. चीफकाका. चाळीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली. अजून घरातला मिक्सर बिघडला तरी आधी त्याचं ड्रॉइंग मागतात. "ड्रॉइंगशिवाय मी नटसुद्धा फिरवत नाही," हे दिवसातून सतरा वेळा.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकरच्या चाकात निऱ्या अडकून त्या लिफ्टसमोर पडल्या, आणि तेव्हापासून तीन महिने दाराबाहेर पाऊल नाही. खालच्या बाकावरच्या त्यांच्या चिनी मैत्रिणी रोज वर बघायच्या. डॉक्टर म्हणाले, पॅन्ट घाला. काकू म्हणाल्या, "मेल्यावर घाला मला."

त्यात बाजारातली एकही पॅन्ट गुडघ्याच्या पट्ट्यावरून जाईना. मग काकांनी लायब्ररीतून एक झेरॉक्स आणली. सत्तर वर्षांपूर्वी कुणा फ्रेंच डिझायनरनं काढलेली बायकांची ढगळ विजार. चार रेघा, त्यात एक बाई. पाय बेडोकला आणि डोकं बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, जुरोंगला.

"फ्रंट एलिव्हेशन आहे. साइड व्ह्यू कुठंय?" काकांनी मला विचारलं.

मी वन-नॉर्थच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो; मला कुठलाच व्ह्यू कळेना. "काका, हे नुसतं चित्र असेल."

"मापाशिवाय कोण रेघ ओढेल?"

"हिला पावलंच नाहीत, काका."

"सेक्शन कट आहे तो."

दुपारी काकूंचा डोळा लागल्यावर त्यांनी टेप लावून काकूंचं डोकं मोजलं, चित्रातल्या चिमुकल्या डोक्याशी व्हर्नियरनं प्रमाण काढलं आणि त्या प्रमाणात कापड कापलं. आठ दिवस शिलाई मशीन अशी धडधडली की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, आपला ब्लॉक बंदर सोडून निघाला. तयार विजार सोफ्यावर ठेवली, तर तिचे पाय स्वयंपाकघरात पोचले. काका चित्राकडे बघतायत, मी विजारीकडे, काकू आम्हा दोघांकडे.

"जिराफाला होईल," काकू म्हणाल्या. "आणि झाली तरी मी घालणार नाही."

काकांनी जमिनीवर बसून विजारीचे पाय कापले. चित्राकडे न बघता, नुसत्या अंदाजानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरमध्ये खडखड ऐकू आली. दार उघडलं, तर काका स्वतः ती विजार घालून, काकूंचा वॉकर धरून लिफ्टपर्यंत जातायत आणि परत येतायत. लिफ्टमधून आलेली शेजारीण दोन पावलं मागं सरली.

"अंकल, ओके ऑर नॉट?"

"टेस्टिंग," काका म्हणाले.

दर फेरीला आपल्या दाराशी थांबून काकूंना सांगायचे, "बघ, चाकात काही जात नाही." सहाव्या फेरीला म्हणाले, "खाली गेलो की त्या बाकावरच्या बाया विचारतात, ती कधी येणार. मी काय सांगू त्यांना?"

काकू चौकट धरून उभ्या होत्या.

"आत या," त्या म्हणाल्या. "उतरवा ती. कंबर ताणून सैल कराल."