मी सांगेपर्यंत हलायचं नाही

"याला काही सांगताना जपून सांग हो," लग्न झाल्या झाल्या सासूबाईंनी सुनेला बजावलं होतं. "हा सांगितलेलं ऐकतो."

सून मनातल्या मनात हसली होती. असा नवरा मिळायला नशीब लागतं!

पुढे बाळ झालं आणि तिच्या काळज्यांना धरबंध राहिला नाही. नवरा तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणू लागला. त्या सकाळी तर सरकारचा जीव टांगणीलाच लागला होता. बाळाची लस आधीच लांबलेली, आणि डॉक्टरीणबाई दुपारपासून महिनाभर सुट्टीवर. दवाखान्याच्या फाटकाशी तिने नवऱ्याच्या खांद्यावर दुपट्यांची पिशवी अडकवली.

"इथेच थांब. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"जशी आज्ञा, सरकार."

आत जाऊन बघते तो खुर्च्या रिकाम्या, आणि माणसं भिंतीला पाठ लावून, माना खाली घालून उभी. तीही गुपचूप भिंतीला टेकली.

"कोण गेलं हो?" तिने शेजारच्या आजोबांना हळूच विचारलं.

"कुणी नाही. पंखा काढताहेत. डोळ्यांत धूळ जाईल, मान खाली घाला. ते सांगेपर्यंत हलायचं नाही."

"ते म्हणजे?"

"खाकी शर्टवाले. काय खेकसले माझ्यावर!"

खाकी शर्ट, वर खेकसणारा. प्रश्नच मिटला.

आतून डॉक्टरीणबाईंनी घंटी वाजवली. कुणी हललं नाही. पुन्हा वाजवली.

"जायचं का?" जुळ्यांची आई पुटपुटली.

"आणि ते ओरडले म्हणजे? तुम्ही ऐकून घेणार?" आजोबा म्हणाले.

आज कुणी आलंच नाही असं समजून शेवटी डॉक्टरीणबाई पर्स घेऊन बाहेर आल्या. बाई गेल्या की लस गेली! सून तोंड उघडणार, एवढ्यात आजोबा दबक्या आवाजात ओरडले, "शू! आधी भिंतीला लागा!"

आणि बाई मुकाट्याने भिंतीला लागल्या. मानही खाली घातली.

"आपण उभे कशासाठी आहोत?" थोड्या वेळाने त्यांनी कुजबुजत विचारलं.

बाळाला अजून कुणाचं ऐकायची सवय लागली नव्हती. ते कडेवरून छताकडे बोट दाखवून खिदळायला लागलं. त्यासरशी सगळ्यांच्या माना वर गेल्या. छताला नुसता हूक होता. खाकी शर्टवाला पंखा खांद्यावर टाकून मागच्या दाराने केव्हाच पसार झाला होता.

मग सगळं भराभर उरकलं. बाळाला लस मिळाली. मागच्या दाराशी गाडी काढत बाई म्हणाल्या, "चला, बसा. तुमच्या घरावरूनच जाणार आहे."

डॉक्टर बसा म्हणाल्या की बसायचं. ती बसली.

सासूबाईंनी दार उघडलं, नातवाला पाहिलं, मग सुनेच्या मागे पाहिलं. "आणि आमचा कुठाय?"

सुनेने कपाळावर हात मारून घाईघाईने फोन लावला. नवऱ्याचा फोन तिच्याच पर्समध्ये वाजला.

"सांगितलं होतं मी," सासूबाई म्हणाल्या.

आता बाळ तिच्या मांडीवर झोपलंय, सासूबाईंचे गुडघे धरलेत, आणि बाळ उठेपर्यंत हलायचं नाही असं त्यांनी सुनेला दरडावलंय. तेव्हा तुम्हीच जरा बघून येता का? फाटकाशी, खांद्यावर पिशवी घेऊन एक गृहस्थ उभे असतील. त्यांना घरी जायला सांगा. गोडीगुलाबीने सांगून उपयोग नाही. जमल्यास खाकी शर्ट घालून जा.