दाढेचा शेजार

मितालीच्या खालच्या दाढेवर मंगळवारी नवी पांढरी कॅप बसली, आणि तेव्हापासून घरात दाढेखेरीज दुसरा विषय उरला नाही. डॉक्टरांनी ती आठवडाभरासाठी कच्च्या सिमेंटने चिकटवली होती. "शेजारच्या दोन्ही दातांना ती नुसती टेकली पाहिजे," ते म्हणाले होते. "मधून दोरा घातला की 'टक्' करून जावा. सहज गेला तर फट आहे, घास अडकेल. गेलाच नाही तर दाटून बसली. आठवडाभर जेवून बघा, मग पक्की करू. फक्त दोरा वर ओढू नका, बाजूनं सरकवून काढा."

सांगितलेलं जरा जास्तच मनावर घेणं हा मितालीचा स्वभाव. तीन वर्षांच्या अवधूतचा ताप ती दोन थर्मामीटरनी मोजायची. दुसरं पहिल्यावर लक्ष ठेवायला. दाढ ती दिवसातून आठदा तपासू लागली. पुढच्या बाजूला छान 'टक्' व्हायचं, मागे मात्र दोरा अडायचा. शुक्रवारपर्यंत डॉक्टरांनी दिलेली पुदिन्याच्या वासाच्या दोऱ्याची डबी संपली.

व्हरांड्यात जमनीमावशी बसली होती. बंजारा तांड्यावरची ही म्हातारी भरतकामात मोठी वाकबगार. मितालीच्या सासूबाईंच्या, म्हणजे रत्नप्रभाबाईंच्या, देवळात न्यायच्या पिशवीला ती कवड्यांची किनार लावत होती. पुढ्यात कवड्यांची ताटली.

"मावशी, तुमचा दोरा पक्का आहे का हो?"

"पक्का? बैल बांध ना बाई त्याले!"

मिताली आरसा घेऊन तिच्याशेजारीच बसली. दोरा मागच्या फटीत गेला, पण बाहेर येईना. तेवढ्यात अवधूत खुर्चीच्या पाठीवर चढलेला दिसला. "अवू, पडशील!" म्हणून ती ओरडली आणि हाताला वरच्या दिशेनं हिसका बसला. कॅप टुणकन उडाली.

फरशी, पायपुसणं, मितालीचे केस, सगळं शोधून झालं. मग तिला अवधूतचा गाल हलताना दिसला.

"अवू, तोंड उघड!"

अवधूतने आधी गिळलं, मग आज्ञाधारकपणे तोंड उघडलं.

"काय खाल्लंस?"

"पांढलं."

"आईच्या दातासारखं?"

"हो."

"कसं लागलं रे?"

"गोल."

"सिमेंट गोड असते का वो?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. मिताली तोवर नवऱ्याला फोन लावत होती.

तहसील कचेरीतून तिचा नवरा मंदार धावत आला तो डोक्यावरचं हेल्मेट काढायचंच विसरला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, खोकतोय का, श्वास नीट आहे का. नीट होता. "तरी यवतमाळला नेऊन एक्स-रे काढा. लगेच. खायला काही देऊ नका."

तोवर आजीने नातवाला दोन केळी भरवली होती.

"आई, केळं कायले दिलं?"

"घसरून जाईन म्हनून! तुमी फोन करून राह्यले होते, मंग मी काय नुसती पाहात बसू?"

मितालीने चिंतामणीला एकवीस मोदकांचा नवस बोलला. फाटकापाशी ओळखीच्या गोपालचा ऑटो येईस्तोवर मोदक एकशे एक झाले होते.  अवधूत मात्र ऑटोत बसायला मिळणार म्हणून टाळ्या वाजवत होता.

"सूनबाई, थांब जराशी!" मागून जमनीमावशीची हाक आली. "ही कवडी पाह्य बरं."

"मावशी, आत्ता कवडी?"

"काहून वरडतं? कव्हापासून लावून राह्यली, बसूनच नाही राह्यली. इकडच्या कवडीले रेटते, तिकडं फट ठेवते. शेजारनीले नीट टेकली नाही तं सारी किनार झुकते. पोकळ तं हाये, पन कवडीवानी हिच्या तोंडाले दातच नाही!"

तिने तळहात पुढे केला. त्यावर मितालीची दाढ होती.

मिताली ऑटोच्या पायरीवरच बसली. आधी तिने अवधूतला आवळलं, इतकं की तो "मम्मा, दुखते" म्हणाला. मग जमनीमावशीचा खरबरीत हात तिने दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. 

"तुमचे उपकार, मावशी..."

"उपकार कायचे? माही किनार बिघडून राह्यली होती."

"मग यानं गिळलं काय?" हेल्मेटमधून मंदारचा आवाज आला.

रत्नप्रभाबाई देवघरात जाऊन आल्या. प्रसादाच्या खडीसाखरेची वाटी रिकामी होती. दोन मुंग्या तेवढ्या बाकी. पोरगं बिचारं पहिल्यापासून खरंच बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कॅपची मागची बाजू जराशी घासली, पक्क्या सिमेंटने बसवली आणि दोन्हीकडून दोरा घातला. टक्. टक्. "आता दिवसातून एकदा पुरे," त्यांनी बजावलं. मितालीने दोऱ्याच्या दोन डब्या घेतल्या. एक स्वतःला, एक जमनीमावशीला.

चतुर्थीला नवस फेडायला सगळे देवळात गेले. सासूबाईंच्या हातात नवी पिशवी होती, कवड्या एकीला एक टेकून बसलेल्या.

"मंदार, इथं पुदिन्याचा वास कुठून येऊन राह्यला रे?" रत्नप्रभाबाई हवा हुंगत इकडेतिकडे पाहू लागल्या.

 मितालीने मोदकांचं ताट देवापुढे ठेवलं, अवधूतला जवळ घेऊन हात जोडले. आणि मग कोणाचं लक्ष नाहीसं पाहून पिशवीच्या दोन कवड्यांमध्ये हळूच नख घातलं.

टक्.