उघड्या इंजिनाची पूजा

आधीच सांगून ठेवतो, अख्ख्या सांगलीत जुन्या बुलेटचं इंजिन माझ्याइतकं काटेकोर जुळवणारा माणूस नाही. हे माझं स्वतःचं मत आहे आणि बायकोसमोर मी ते मोठ्यानं बोलत नाही. दिवसभर मी विश्रामबागेतल्या एका विमा कार्यालयात असतो आणि संध्याकाळी घराच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत चप्पल घालून यायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, आणि स्वयंपाकघरात फोडणी पडणार असेल तर आधी दार लावून घ्यायचं, असे माझे नियम आहेत. केसाच्या जाडीचा फरक मी मायक्रोमीटरवर पकडतो. उतू जाणारं दूध मात्र मला आजवर एकदाही पकडता आलेलं नाही, असं बायको म्हणते.

बायको म्हणजे संयोगिता, माहेर कोरेगावचं. तिचे वडील सुभेदार मानसिंग, फौजेतून निवृत्त होऊन आता ऊस करतात. सगळे त्यांना आबा म्हणतात, आणि म्हणता म्हणता आपोआप ताठ उभे राहतात. त्यांची बुलेट संयोगितापेक्षा वयानं मोठी. लेक माझ्या हवाली करताना ते "सांभाळा" एवढंच म्हणाले होते. बुलेट हवाली करताना मात्र माझा हात धरून बराच वेळ उभे राहिले.

झालं होतं असं, की बुलेट धूर ओकायला लागली होती. आबा गॅरेजला टाकणार होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "गॅरेज कशाला? मी आहे ना! दसऱ्याला तुम्ही स्वतः गाडी चालवत गावात शिराल." आबांनी हे त्यांच्या फौजेतल्या सगळ्या दोस्तांना सांगून टाकलं. दसऱ्याला संध्याकाळी ही मंडळी सोनं वाटायला वेशीवर जमतात. इंजिन जावयानं जुळवलंय आणि सुभेदार त्याच्यावर बसून येणार, हे त्यांना तोंडपाठ झालं. म्हणजे आबांची शान माझ्या पान्यावर येऊन ठेपली होती.

काम उत्तम चाललं होतं. खंडेनवमीच्या सकाळी फक्त बोअर बसवायचं राहिलं होतं. बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं. ते बसेपर्यंत इंजिनाचं तोंड वर उघडं असतं आणि त्यात मी नेहमी स्वच्छ फडकं कोंबून ठेवतो. ते फडकं मी नुकतंच काढलं होतं, इतक्यात संयोगिता म्हणाली, "आधी अंघोळ. सणाचा दिवस आहे." गेलो. तेवढाच काय तो माझा गुन्हा.

परत येऊन बघतो तर पान्यांना हळदकुंकू, मायक्रोमीटरला गंध, पिस्टनवर झेंडूचं फूल आणि इंजिनावर अक्षता.

"हे काय केलंस?"

"पूजा. खंडेनवमीला हत्यारांची आणि गाडीची पूजा करतात. तुमच्या सांगलीत करत नाहीत?"

"करतात गं. पण इंजिन उघडं होतं!"

"मग बरंच झालं की. पार आतपर्यंत पोचली."

मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "किती अक्षता टाकल्यास?"

"अक्षता कोणी मोजून टाकतं का?"

आता तुम्ही म्हणाल, तांदळाच्या दाण्याला एवढं काय घाबरायचं? इंजिनाच्या तळाशी तेल असतं आणि ते वर चढवायला छोटा पंप असतो. त्या पंपात दाणा अडकला की तेल बंद. तेल बंद झालं की पिस्टन जाम, पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि वर बसलेला माणूस एकटाच पुढे जातो. हा माणूस म्हणजे आबा.

मी विजेरी मारून बघितलं. काही दिसेना. मग दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडलं आणि बराच वेळ फिरवलं. तांदूळ चुंबकाला चिकटत नाही, हे संयोगितानं सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं. शेवटी घर झाडायचा व्हॅक्यूम लावला, तर नळीतून झेंडूची एक पाकळी निघाली. जिथे पाकळी जाते तिथे दाणा जाणारच.

खात्री करायची तर पूर्ण इंजिन खोलावं लागणार, आणि आबा तर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

"आबांना सांगून टाका," संयोगिता म्हणाली.

"तू सांग. तुझे वडील आहेत."

तिनं पिस्टनवरचं फूल उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "देवाच्याच अक्षता आहेत. देव बघून घेईल." सुभेदारांच्या लेकीलाही सुभेदारांची भीती वाटते, हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. मी बोअर बसवलं, झाकण लावलं आणि मुकाट्यानं नट आवळले.

दसऱ्याला आबा पहिल्या एसटीनं हजर. भगवा फेटा, इस्त्रीचा सदरा, मिशीला पीळ. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात फिरवला आणि किक मारली. पहिल्या किकला धड धड धड! दुसरा कोणी इंजिनवाला असता तर आनंदानं नाचला असता. मी मात्र पंपाचा विचार करत होतो. संयोगिता कारनं पुढे गेली आणि जाताना माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

मी मागच्या सीटवर बसलो. पडायचंच असेल तर दोघं पडू. आबांना काही झालं आणि मी धडधाकट राहिलो, तर मला कोरेगावात पाय ठेवता आला नसता.

तासगाव मागे पडलं. आबा सायकलच्या वेगानं गाडी चालवत होते. एक उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. आबांची नजर सारखी खाली इंजिनाकडे जात होती. त्यांना संशय आलाय, याची मला खात्रीच पटली. माझा जीव सगळा कानात आला होता.

"पाव्हणं," आबांनी मान न वळवता विचारलं, "कसला आवाज येतुय का?"

"नाही, नाही. का? तुम्हाला येतोय?"

"न्हाई. आपलं इचारलं."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "आबा, चहा घ्यायचा?" हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत गाडी टपरीपाशी उभी होती. विट्यात परत चहा घेतला. पुढे एका फाट्यावर चहा नव्हता, तर आबांनी रसवंतीवर थांबवली. आबा चहा सोडून कशाला तोंड लावत नाहीत, पण रसाचे दोन ग्लास घेऊन निवांत बसून राहिले. मला वाटलं, माझ्या तोंडून कबुली काढायची ही फौजी रीत असावी.

पुसेसावळी मागे टाकली आणि तो आवाज आला. टिक. टिक. टिकटिकटिक.

"आबा, थांबा!" मी ओरडलो. "उतरा आधी! इंजिनात अक्षता पडल्यात!"

गाडी थांबली. आबा उतरले. रस्त्याकडेला मी एका दमात सगळं सांगितलं. खंडेनवमी, अंघोळ, पाकळी, पंप. लेकीचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, तेही घेतलं. आबा ऐकत राहिले. मग मैलाच्या दगडावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि रुमालानं कपाळ पुसलं.

"बसा हितं," ते म्हणाले. "पाव्हणं, आमी बर्फात गस्त घातली, गोळीबारात उभं ऱ्हायलो. खोटं सांगत न्हाई, पण तवा एवढं भ्यालो नव्हतो. मागं तुमच्या त्या खोलीत इंजिनाचं तुकडं मांडल्यालं बगितलं, तवापासनं झोप न्हाई. हे परत कसं जुळायचं, म्हणलं."

"मग बसलात कशाला?"

"लेकीचा नवरा तुमी. न्हाई कसं म्हनायचं? आवं, विट्यापासनं वाट बगतुय, तुमी कवा थांबा म्हणताय त्याची."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांच्या शेजारी सैल बसलो होतो. बसल्या जागेवरून मागचं चाक समोरच दिसत होतं. सकाळी निघण्याआधी संयोगितानं गाडीला बांधलेली आपट्याची डहाळी सुटून चाकाच्या तारांना लागत होती. टिकटिक तिचीच होती. इंजिन बिचारं ठणठणीत होतं.

"मग मारायची किक?" मी विचारलं.

आबांनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कशाला उगं," ते म्हणाले.

जोतिबा नावाचा एक शेतकरी रिकामी ट्रॉली घेऊन कोरेगावकडे निघाला होता. त्याच्या ट्रॉलीत बुलेट चढवली आणि दोन्ही बाजूंनी धरून आम्ही दोघं उभे राहिलो. त्या दिवशीचा तेवढाच प्रवास सुखाचा झाला. पण गाव जवळ आलं तशी हलगी ऐकू यायला लागली आणि आबांचा चेहरा उतरला. सगळे दोस्त वेशीवर उभे असणार. सुभेदार ट्रॉलीतून आले, हे कोरेगावात पुढची वीस वर्षं चघळलं गेलं असतं.

वेशीच्या अलीकडे उतार आहे. उताराच्या माथ्यावर आबांनी गाडी खाली घ्यायला लावली, फेटा बांधला, मिशीला पीळ दिला. "बसा मागं. किल्लीला हात लावायचा न्हाई," म्हणाले आणि पाय उचलले. बुलेट गपगुमान उतारानं निघाली आणि थेट वेशीत, मंडळींच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हलगी थांबली.

निवृत्त हवालदार भाऊसो पुढं आले आणि त्यांनी टाकीपाशी कान नेला. "सुभेदार, इंजिन चालू हाय का बंद?"

आबा खाली उतरले आणि सावकाश म्हणाले, "पाव्हण्यांनी जुळवलंय. आवाज कसा येईल?"

भाऊसोंनी परत कान लावला, मग माझ्याकडं अशा आदरानं बघितलं की मी नजर खाली घातली. "व्हय की रं," ते बाकीच्यांना म्हणाले. "पाव्हणं, आमच्या बी गाडीचं तेवढं मनावर घ्या. लय आवाज करतीया."

मी आबांकडं बघितलं. नाही म्हणा, अशी डोळ्यांनी विनवणी केली.

"घेतील की!" आबा म्हणाले. "तुमी फकस्त इंजिन उघडून ठिवा."

आज कोरेगावात चार बुलेटी उघड्या पडल्या आहेत. दिवाळीला जावयानं सासरी जायचंच असतं, असं संयोगिता म्हणते. मला सुट्टी मिळत नाही, असं मी तिला सांगितलं आहे.